पाण्याखालची रेघ

रविवारी सकाळी कृष्णनाथने चहा घेतला, चार्जिंगवरची बॅटरी काढली आणि तान्हं मूल धरावं तशी ती काखेत धरून तो केरीच्या वाळूवर उतरला. उजाडलं होतं. फाल्गुनातलं धुकं पाण्यावर पसरलं होतं, आणि जमिनीकडचा वारा माडांच्या झावळ्या हळूहळू हलवत होता.

सून सेजल आधीच तिथे उभी होती. नारिंगी कयाकीच्या, एकट्यानं वल्हवायच्या त्या अरुंद होडीच्या, शेपटाकडे. दर रविवारी ती एका बाजूनं धरायची, तो दुसऱ्या बाजूनं, आणि दोघं मिळून ती पाण्यात न्यायची. आजही धरली. पण ढकलली नाही.

"बाबा, आज शेवटचा हां."

"हां."

"उद्या नवाक भटजी येतले. शांतारामकाकांनी दर्भ आणून ठेवलोहा."

"बघलंय मी."

"तुमका राग आयलो माजो?"

"नाय गो बाय. तुजो कसलो राग?"

सेजल पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रोज सकाळी कुंकू लावताना हात थांबता, बाबा. लावू काय नको... मी सुवाशीण काय कोण? माका कोणीतरी सांगा."

कृष्णनाथने बॅटरी जागेवर बसवली, यंत्राची वायर जोडली, आणि कयाक ढकलली.

तिचा नवरा, म्हणजे कृष्णनाथचा एकुलता एक मुलगा निहार, चौदा महिन्यांमागे याच कयाकीतून मासे गरवायला गेला होता. संध्याकाळी कयाक रेडीच्या बाजूला वाहत गेलेली सापडली. वल्हं दोरीनं बांधलेलं, गळ जागच्या जागी, आणि पुढ्यातलं यंत्र सुरू. माणूस तेवढा नव्हता. बोटी फिरल्या, पाणबुडे उतरले, काही हाती लागलं नाही. आता डिचोलीहून सेजलच्या माहेरची माणसं येऊन ठरवून गेली होती. देह नाही, तर दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा. म्हणजे गेलेला मोकळा, आणि राहिलेली पोरही मोकळी.

कृष्णनाथने मान डोलावली होती. पण एक रविवार मागून घेतला होता.

ते यंत्र म्हणजे मासे दाखवणारा फिश फाइंडर. हाताच्या पंज्याएवढा पडदा, आणि कयाकीच्या बुडाला साबणाच्या वडीएवढा एक काळा तुकडा. तो पाण्यात आवाज सोडतो, तळाला आपटून आलेला आवाज ऐकतो आणि पडद्यावर चित्र काढतो. निहार पेडण्याला कचेरीत कामाला होता. पगारातून त्यानं ते आणलं, तेव्हा कृष्णनाथ पोट धरून हसला होता.

"मासो टीव्हीर बघून धरतंस काय रे? मग खाऊचो पण टीव्हीरच."

निहार चिडला नाही. तो म्हणाला होता, "बाबा, तुमच्या रापणीच्या जाळ्याक पन्नास माणसां होती. एक चुकलो तर दुसरो सांगी. कयाकीत मी एकटोच. एकट्याक कोणीतरी सांगूक होया, खाली काय आसा ता."

आणि मग त्यानं शिकवलं होतं. वाळू असली की तळाची पट्टी बारीक दिसते, खडप, म्हणजे खडक, असला की जाड. खडपाच्या कडेला गळ टाकायचा. बारीक मासळीचा थवा ढगासारखा दिसतो, आणि त्या ढगाखाली मोठा मासा असतोच. तो खालून निघून गेला की कोयत्यासारखी बाक उमटते. "पण एखादी वस्तू आपल्या खालीच रवली, हलली नाय, तर बाक येयत नाय, बाबा. सरळ रेघ येता." चांगली जागा मिळाली की बटण दाबून तिची खूण ठेवायची, पुन्हा धुक्यातही नेमकं तिथेच जाता येतं. कृष्णनाथने उभा जन्म देवळाचं शिखर आणि डोंगरावरचं झाड एका रेषेत धरून दर्यात जागा ओळखल्या होत्या. धुकं पडलं की त्याचं ज्ञान संपायचं. पोराचं संपत नव्हतं. हे त्यानं मनात कबूल केलं होतं, तोंडानं कधी नाही.

यंत्रात शेवटची खूण होती ती त्या दिवसाचीच. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर, नऊ मीटर पाण्यात, खडपाच्या कडेला.

कृष्णनाथ खुणेवर पोचला तेव्हा किनारा दिसेनासा झाला होता. नांगराचा लहानसा दगड त्यानं सोडला. पाणी तेलासारखं स्थिर. कुठे एक पक्षीही नाही. पडद्यावर डावीकडे जाड पट्टी, उजवीकडे बारीक. मध्ये बारीक मासळीचा एक ढग आला आणि गेला.

मग रेघ आली.

ती दिवाळीपासून येत होती. आधी त्याला वाटलं, नांगराची दोरी असेल. म्हणून एका रविवारी त्यानं नांगर वर घेतला आणि कयाक प्रवाहावर सोडून दिली. खाली खडप असता, बुडालेलं लाकूड असतं, तर ते मागे राहिलं असतं. रेघ मागे राहिली नाही. आठ मीटरवर, तळापासून जरा वर, ती त्याच्याबरोबर चालत आली होती. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीच्या डोळ्यांत आशा आली असती, आणि आशेचं पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

आज मात्र तो रेघेशी बोलला.

"उद्या तुजो पुतळो जाळतले रे..." तो म्हणाला. "तुका ठाऊक आसा?"

रेघ तशीच.

त्या शेवटच्या सकाळी निहार वाळूवरून ओरडून म्हणाला होता, "येतंय हां, बाबा." घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि मागे राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचं असतं. एवढंच. पण कृष्णनाथच्या तोंडात तंबाखू होती. त्यानं नुसता हात हलवला होता. चौदा महिने तो हात त्याच्या डोळ्यांपुढे हलत होता.

आता त्यानं वल्हं मांडीवर ठेवलं. तोंड पाण्याजवळ नेलं.

दर्यात माणसाला नावानं हाक मारायची नाही, ही रापणकरांची जुनी रीत. पन्नास माणसं जाळं ओढायची, पण पाण्यावर असेतोवर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. अरे, हो, गड्या, एवढ्यावरच काम. पाणी नाव शिकतं, असं म्हातारे सांगायचे. कृष्णनाथच्या जिभेला तीच सवय होती. ती पाळताना त्यानं विचारही केला नाही.

"ये," तो म्हणाला. "ये रे बाबा... ये."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावरची रेघ उजव्या टोकाला किंचित वर वळली.

साडेसात. सात. सहा.

त्याच्या छातीत, कशाला खोटं सांगा, आनंदच होता. पाच. साडेतीन. रेघ जिना चढावा तशी चढत होती. दोन. एक. मग ती पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे सगळं मुंग्यांसारखं दिसतं, तिथे मिसळून गेली.

आणि कयाकीचं शेपूट खाली दबलं.

धक्का नव्हता. कुणीतरी अंग सांभाळून, दुसऱ्याला त्रास होऊ नये अशा बेतानं बसावं, तसं. पाणी निथळायला ठेवलेल्या शेपटाकडच्या भोकांतून पाणी वर आलं आणि त्याच्या पायांपर्यंत पोचलं. ते फार थंड होतं.

कृष्णनाथने मागे पाहिलं नाही. गेलेला परत येताना त्याच्याकडे बघू नये, एवढं त्याला कळत होतं. त्यानं हळूच नांगर ओढून घेतला आणि वल्हं उचललं.

"बस नीट..." तो म्हणाला. "घराकडे जाऊया."

मागून नुसता ओल्या कपड्यातून पाणी ठिबकल्याचा आवाज. एक थेंब... मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"थंड लागता? लागतलाच. सेजल वाळूर रवलीहा. दर रविवारी रवता." तो बोलत राहिला. "तुजी खोली तशीच आसा. मोटरसायकल मी पुसून ठेवतंय. चालवूक माका येयत नाय, म्हणान नुसती पुसतंय."

धुक्यात सुरंगीचा वास आला. शिळ्या, भिजलेल्या गजऱ्याचा. वारा जमिनीकडून होता, त्यानं आणला असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याच्या सदऱ्याची मागची कड कुणीतरी पकडली. मोटरसायकलवर मागे बसणारं धरतं तशी. चिमटीत. बोटं बारीक होती.

निहारचे पंजे रापणीच्या दोरखंडासारखे, आजोबांवर गेलेले होते.

कृष्णनाथचं वल्हं थांबलं. का कोण जाणे, त्याची नजर पुढ्यातल्या पडद्याकडे गेली.

रेघ होती.

आठ मीटरवर, तळापासून जरा वर. वर चढली होती ती दुसरीच रेघ; तिची खूण आता पडद्याच्या डाव्या कडेकडे सरकत चालली होती, आणि तिच्या खाली, पहिल्यापासून अखंड, ही. तो वरच्याकडेच बघत राहिला होता. खालची जागची हललीच नव्हती. आता मात्र ती कयाकीबरोबर येत होती.

निहार खालीच होता. कृष्णनाथने नुसतं 'ये' म्हटलं होतं. कुणाला, ते म्हटलंच नव्हतं. ज्याला कित्येक वर्षांत कुणी 'ये' म्हटलं नसेल, ते आलं होतं.

त्यानं तोंड उघडलं. आता नाव घ्यायलाच हवं होतं. तीन अक्षरं. त्यानं स्वतः ठेवलेलं नाव, बारशाला पाळण्यावर वाकून सगळ्यांनी म्हटलेलं. पण साठ वर्षांची जीभ ती. पाण्यावर ती वळेना. घशातून नुसती हवा आली. सदऱ्याला धरलेली चिमूट घट्ट झाली, जणू मागचं कुणीतरी घाबरलं होतं, की आता आपल्याला खाली उतरवतील.

प्रवाह किनाऱ्याकडे ओढत होता. सात मीटर. सहा. तळ वर येत होता, आणि रेघ त्याला चिकटून येत होती, मागे पडत, पुन्हा गाठत. पाच मीटरवर ती तुटक झाली. चार मीटरवर पडद्याच्या उजव्या कडेला नवं काही उमटेनासं झालं. उरली ती नुसती वाळूची बारीक पट्टी.

"मी परत..." कृष्णनाथ पुटपुटला. पुढचं त्याला म्हणता आलं नाही.

लाटेनं कयाक वाळूवर टाकली तेव्हा शेपूट हलकं झालं होतं. सेजल गुडघाभर पाण्यात धावत आली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या सदऱ्याची मागची कड हातात घेऊन पिळली. तिथे मुठीएवढं भिजलं होतं, बाकी सदरा कोरडा.

"उद्या नको करूया गो," तो म्हणाला.

"बाबा..."

"एक रविवार आणखी."

"माहेरचीं निघाली आसत, बाबा." ती रडत नव्हती. फार दमलेल्या माणसासारखी ती बोलत होती. "असो रविवार दर आठवड्याक येतलोच."

खालचा कोण आणि वरचा कोण, हे कृष्णनाथ कोणत्या तोंडानं सांगणार होता? आणि पोरीला आणखी किती रविवार वाळूवर उभं करणार होता?

दुसऱ्या दिवशी खाडीच्या काठी भटजींनी दर्भाचा पुतळा बांधला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. सगळं मिळून एका लहान मुलालाही उचलता येईल एवढं. मंत्र झाले. गोत्र झालं, नाव झालं. जमिनीवर उभं राहून निहारचं नाव घ्यायला कृष्णनाथला काहीच अडचण आली नाही, आणि त्याचंच त्याला रडू आलं.

"उचला आता," भटजी म्हणाले.

शांतारामने डोक्याकडून धरलं, कृष्णनाथने पायांकडून. पुतळा उठला नाही. शांताराम रापणीत कृष्णनाथच्या खांद्याला खांदा लावून वाढलेला, अजून नारळाची पोती पाठीवर नेणारा माणूस. त्यानं पुन्हा जोर केला, आणि हळूच म्हणाला, "मेल्या, हेच्यात काय भरलंस?"

"काय नाय."

"मगे गवताक इतक्या वजन?"

शेवटी चौघांनी उचलला. सुका दर्भ घटकाभरात जळून जायला हवा होता. तो दुपारपर्यंत जळत राहिला. मधूनमधून त्यातून पाण्याची चरचर ऐकू यायची, आणि वारा फिरला की सुरंगीचा वास. सेजलच्या वडिलांनी डोक्याला टॉवेल गुंडाळून घेतला.

तिसऱ्या दिवशी राख भरायला फक्त तिघं गेली, भटजी, कृष्णनाथ आणि सेजल. गवताच्या राखेत हाडं कुठली? रीत म्हणून भटजींनी दूध शिंपडलं आणि दोन बोटांनी राख चाळली. बोटं थांबली. त्यांनी काहीतरी उचललं, धोतराला पुसलं आणि तळहातावर ठेवलं.

चांदीचं जोडवं होतं. जुन्या घडणीचं, काळं पडलेलं, आणि इतकं लहान की बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाला झालं असतं.

सेजलने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "ह्या कोणाचा?"

कृष्णनाथ खाली बसला. त्यानं सगळी राख ओंजळीओंजळीनं चाळली, पुन्हा पुन्हा, हात कोपरापर्यंत पांढरे होईपर्यंत. दुसऱ्या पायातलं सापडलं नाही, आणि निहारचं तर काहीच नाही.