डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधी

परळीचे डॉक्टर जीपमधून उतरताना दिसले आणि कडूबाईच्या काळजात धस्स झालं. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, तहसीलदारांच्या खुर्चीसमोर ती पदर मुठीत आवळून बसली होती, आणि सारा गाव तिच्याकडे खुनी म्हणून बघत होता...

योगिता तिची सून. कातरणीआधी मेंढ्या धुवायला घरच्यांबरोबर तळ्यात उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात बुडून गेली. कमरेएवढ्या पाण्यात कुणी बुडतं होय? लग्नाला सात वर्षंही झाली नव्हती, म्हणून चौकशी तहसीलदारांकडे आली, आणि योगिताचे वडील धुळाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "या बाईनंच माज्या लेकीला बुडवलं."

योगिताला फेफरं यायचं. कडूबाईच तिला लपतछपत परळीच्या या डॉक्टरांकडे न्यायची, काहीतरी निमित्त काढून पाण्यापासून लांब ठेवायची. पण त्या दिवशी योगिताच्या धाकट्या बहिणीचे, धनश्रीचे, होणारे सासरे उत्तरेश्वर पाहुणे आले होते. सून काठावर कशी, असं त्यांनी विचारलं मात्र, योगिता मुकाट उतरली, आणि पाण्यातच तिला फेफरं आलं. "आत्याबाई, धनूचं लगीन मोडंल. कुणाला सांगू नका," अशी शपथच त्या अभागी पोरीनं घालून ठेवली होती.

"माणूस गेल्यावर त्याचा आजार डॉक्टरांना लपवता येत नाही," तहसीलदार म्हणाले. "मला विचारायचा अधिकार आहे. सांगा डॉक्टर."

"नगं सायेब..." कडूबाईनं तहसीलदारांचे पाय धरले. तुरुंगाचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय शेजारच्या खुर्चीत बसलं होतं... उत्तरेश्वर पाहुणे! "डागदराला इचारू नका. मीच ढकललं म्हणून लिवा. ही तर गेली, तिच्या भैनीचं तरी व्हऊ द्या."

धुळाजींच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीचा रोग झाकून त्यांनीच लग्न लावलं होतं. लेक त्या रोगानं गेली हे मन मानेना, म्हणून दोष दुसऱ्याच्या माथी मारला... आणि ही माउली सगळं जाणून तोंड मिटून बसली होती!

डॉक्टर बोलायच्या आत धुळाजी उठले. "मी सांगतो सायेब. ल्हानपणापसून फेफरं यायचं तिला. मीच झाकलं. इहीनबाई, माज्या थोबाडीत मारा."

उत्तरेश्वरांनी चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेले. धुळाजी मटकन खाली बसले.

डोळे पुसत कडूबाई त्यांच्याजवळ सरकली.

"माजा धाकटा सोमेश्वर हाय, इवाय. पोरगी राजी आसंल तर धनश्रीला माज्या घरी द्या. फकस्त... आता कायबी झाकू नका."