उजवीकडची स्क्रीन

सकाळचा चहा झाला की शालिग्राम बायकोची वेणी घालून देत, तिला हाताला धरून कॉम्प्युटरच्या टेबलापाशी नेत आणि वेताच्या खुर्चीत बसवत. वेणी त्यांना अजून नीट जमत नसे. शेवटाकडे ती सैल पडे आणि दुपारपर्यंत सुटून जाई.  दवाखान्यात नंबराची वाट पाहणारी माणसं बसतात तशी सुशीला खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवून समोर पाहत बसे.

तेलीबांध्याच्या तळ्याकडून फिरायला आलेल्यांची बडबड आणि पोहा-जलेबीच्या ठेल्यांवरचा तळणाचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येई. शालिग्राम मशीनचं बटण दाबत, पंखे घरघरू लागत, आणि मग ते मनातल्या मनात म्हणत, आज तरी चाल रे बाबा.

तो कॉम्प्युटर विकत आणलेला नव्हता. मुलगा अनिमेष घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं करी, तेव्हा त्यानं एकेक भाग जमवून तो बांधला होता, आणि खऱ्या मॅकवरच चालणारी प्रणाली त्यावर युक्तीनं चढवली होती. अशा मशीनला हॅकिंटॉश म्हणतात, हे शालिग्रामांना तेव्हाच कळलं.

"बाबा, हा सुरू होतानाच सिस्टिमला सांगतो, मी असली हाये," अनिमेषनं समजावलं होतं. "ती मानून घेते. कधी कधी तिले शक येते, मग नखरे करते."

पुढे अनिमेष नोकरीला हैदराबादला गेला. जाण्याआधी त्यानं घरातले सगळे अल्बम स्कॅन करून त्यात भरून ठेवले. सुशीलाची आठवण विरत चालली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज जुने फोटो दाखवत जा. म्हणून हे मशीन चालायला हवं होतं.

फोटोंचा उपयोग होत होता. बहीण गोदूला, लेक गंधालीला, लहानपणच्या अनिमेषला ती लगेच ओळखे. नवऱ्याला मात्र ओळखत नसे. त्यांना ती 'भैया' म्हणे. "भैया, जरा खिडकी लावून द्या." बोलणं अदबीचं असे, कामाला ठेवलेल्या माणसाशी बोलावं तसं.

त्यात तिची काय चूक? फोटोंमध्ये शालिग्राम नव्हतेच. चारचौघांत उभं राहायची त्यांना लाज वाटे, म्हणून आयुष्यभर कॅमेरा त्यांच्याच हातात राहिला. मशीननं चेहरे ओळखून लावलेल्या गोल गोल चित्रांच्या रांगेत सगळं घर होतं. ते स्वतः होते फक्त राजिमला काढलेल्या फोटोत, तेही सावली म्हणून. महानदीच्या वाळूवर सुशीला, गोदू आणि छोटा अनिमेष, आणि त्यांच्या पायांपर्यंत लांबलेली, कोपर वर उचललेल्या माणसाची सावली.

एकदा, फक्त एकदा तिनं आपल्याला ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पावसाळा संपता संपता मशीनचे नखरे वाढले. स्क्रीन थरथरे, तिच्यावर जांभळ्या रेघा येत, मध्येच सगळं काळं होऊन मशीन आपोआप पुन्हा सुरू होई. शालिग्रामांनी केबल काढून पुसल्या आणि जुन्या ब्रशनं पंख्यांवरची धूळ झाडली. आपल्याच हातून काही बिघडलं असावं असं त्यांना वाटे. त्यांना नेहमीच तसं वाटे.

मग फोटो पळू लागले. फोटोची खिडकी उघडली की ती क्षणभर दिसे आणि सरकत उजव्या काठाच्या बाहेर जाई. उजवीकडे काही नव्हतं. पिस्ता रंगाची कोरी भिंत होती.

"सेटिंगमध्ये पाहा," अनिमेष फोनवर म्हणाला. "डिस्प्ले किती दाखवून राहिला?"

"दोन चौकोन हायेत."

"फँटम डिस्प्ले म्हणतात त्याले. मदरबोर्डवरचं ग्राफिक्स गडबड करते, त्याले वाटते अजून एक मॉनिटर जोडला हाये. कॉमन प्रॉब्लेम हाये बाबा. दुर्लक्ष करा, मी दिवाळीत येऊन पाहतो."

शालिग्रामांनी दुर्लक्ष केलं असतं. पण त्या दिवशी राजिमचा फोटो काठाबाहेर गेला आणि सुशीला हसली. तिनं मान उजवीकडे वळवली होती.

"गोदूनं पाय टाकले वं पाण्यात," ती भिंतीला म्हणाली. "लुगडं भिजवते आता."

 शालिग्रामांनी माउस हळूच उजवीकडे ढकलला. बाण काठापलीकडे गेला. त्यांनी माउस पुढे सरकवला, तशी सुशीलाची मान वर झाली. मागे ओढला, मान खाली आली. त्यांनी हात थांबवला. तीही थांबली.

"ते काळं काय फिरून राहिलं?" तिनं विचारलं. "माशी हाये का?"

त्यांनी माउस सोडून दिला. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून विकीला बोलावलं. विकी बोलका होता. मशीनची बाजू उघडून त्यानं आत टॉर्च मारला आणि खूश होऊन म्हणाला, "अंकल, ये तो पूरा बहुरूपिया है! अनिमेष भैया ने क्या जुगाड़ बिठाया है!"

"दुसरी स्क्रीन कुठून दाखवते?"

"हव, अभी पकड़ते हैं उसको." त्यानं सोबत आणलेला मॉनिटर उजवीकडे भिंतीला टेकवून ठेवला आणि जोडला. "भूत को बॉडी दे देते हैं, अंकल. फिर कहाँ जाएगा?"

मॉनिटर उजळला. विकीनं सेटिंग उघडलं आणि त्याचं हसू ओसरलं. चौकोन तीन झाले होते. त्यानं केबल बदलली, ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. तरी तीनच. वाकून तो मागच्या जोडण्या पाहू लागला, तेव्हा सुशीला त्रासून म्हणाली, "पोट्ट्या, बाजूले हो ना. आडवा येऊन राहिला."

विकीनं आपल्या पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मॉनिटर काढून त्यानं पिशवीत भरला. "इसको भैया ही देखेंगे, अंकल," म्हणाला. पाण्याचा पेला तसाच ठेवून तो निघून गेला.

शालिग्रामांनी अनिमेषला हे सांगितलं नाही. त्या दुसऱ्या स्क्रीनवर काय आहे ते पाहता येईल का, एवढंच विचारलं.

"स्क्रीनशॉट घ्या," तो म्हणाला. "जितके डिस्प्ले, तितके फोटो सेव्ह होतात." कुठल्या तीन कळा एकदम दाबायच्या, ते त्यानं सांगितलं.

शालिग्रामांनी राजिमचा फोटो उघडला, तो काठाबाहेर जाऊ दिला आणि कळा दाबल्या. दोन चित्रं आली. पहिलं रोजच्या स्क्रीनचं होतं. दुसऱ्यात राजिमचा फोटो काठोकाठ भरला होता. सुशीला होती, अनिमेष होता. गोदूचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

सुशीलाच्या पायांजवळची वाळू कोरी होती. सावली नव्हती.

आपल्याच आठवणीत घोळ झाला असेल, असं म्हणून त्यांनी कपाटातून अल्बम काढला. कागदावरच्या फोटोत सावली होती, कोपरासकट. आणि गोदू कोरड्या वाळूवर उभी होती.

दुसरा कोणी असता तर त्यानं तिथंच मशीनची वायर उपटली असती. शालिग्रामांच्याही मनात ते आलं. पण गेलं वर्षभर त्यांची बायको कशाकडे हसली असेल तर त्या भिंतीकडे. तिकडे सगळे होते. फक्त तेच नव्हते.

खालच्या मजल्यावरची निधी बँकेत नोकरी करी. रविवारी त्यांनी तिला वर बोलावलं आणि संकोचून म्हणाले, "माझा एक फोटो काढून देशील का, बेटा?"

"अरे वा, काका! प्रोफाइल पिक बदल रहे हो क्या?" तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई. "कॉलर तो ठीक करो. और थोड़ा हँसो, पासपोर्ट का नहीं है."

पांढरा सदरा घालून ते खुर्चीत बसले. हसू काही जमलं नाही. निधीनं तो फोटो मशीनमध्ये टाकून दिला आणि काकींशी चार शब्द बोलून खाली गेली.

शालिग्रामांनी सुशीलाला आणून बसवलं. फोटो उघडला. तो पळाला नाही. जागच्या जागी राहिला, वाट पाहत असल्यासारखा. मग त्यांनीच तो माउसनं धरला आणि उजवीकडे काठाबाहेर नेऊन सोडला.

 खुर्चीच्या हातांवरची सुशीलाची बोटं आवळली.

"आले का तुमी?" ती म्हणाली.

किती दिवसांनी तो आवाज ऐकला होता. रुसवा, माया, दटावणं, सगळं त्यात होतं.

"कुठं होते हो इतके दिवस? किती वाळले! मी वाट पाहून राहिली इथं एकटी."

"सुशीला," शालिग्राम तिच्या पायांशी बसले. "अवं, मी इथं हाये. इकडं पाह्य. तुझ्या बाजूलेच हाये."

तिनं खाली पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. फक्त डोळ्यांतली ओळख विझली.

"भैया," ती हळू आवाजात म्हणाली, "हे आले हायेत. ह्यायले पाणी आणा ना."

ते स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून ओट्याला धरून उभे राहिले. बाहेर ती बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. थांबण्याच्या जागा बरोबर होत्या. कुणी उत्तर देत असावं तेवढ्याच.

त्यानंतर ती त्यांना 'भैया'ही म्हणेना. दिवसभर तिचं तोंड भिंतीकडे असे. घास भरवला तर ती खाई, पण हात कुणाचा ते पाहत नसे. रात्री पांघरूण घालताना ती भिंतीकडे वळून हसे, आणि शालिग्रामांना आपल्याच फोटोचा हेवा वाटे. तो आपल्याहून बरा नवरा असेल का, हा प्रश्न त्यांना खरोखर पडे.

शेवटी ते अनिमेषला फोनवर म्हणाले, "ते बंद करून टाक. काय करायचं ते आत्ताच सांग."

अनिमेष एकेक पायरी सांगत गेला. मदरबोर्डवरचं ग्राफिक्स बंद केलं, एका फाइलमधली एक ओळ बदलली, मशीन पुन्हा सुरू केलं. सेटिंगमध्ये एकच चौकोन उरला.

"जितलो बाबा!" अनिमेष ओरडला. "पाहा, आता कसा मख्खन चालते."

तसंच झालं. रेघा गेल्या, थरथर गेली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

पांढऱ्या सदऱ्यातला फोटो मात्र कुठंच सापडेना. आणि सुशीला भिंतीकडेच पाहत राहिली. मशीन चालू असो वा नसो.

नोव्हेंबर आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आता ऑफिसात जावं लागत नाही, फोनसमोर चेहरा धरला की झालं. निधी येऊन सगळं भरून देत होती. सुशीला पलीकडे तिच्या खुर्चीत होती, नेहमीसारखीच वळलेली.

"काका, बैठो. कैमरे में देखना और जब बोले तब आँखें झपकाना. बस."

शालिग्राम कोऱ्या भिंतीकडे पाठ करून बसले. निधीनं फोन त्यांच्या हातात दिला आणि ती हसत सुशीलाकडे वळली. "काकी, आज तो बड़ी खुश दिख रही हो."

फोनमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. दमलेला, दाढी वाढलेला. चेहरा शोधणारा पांढरा गोल पडद्यावर फिरू लागला. त्यांच्यावरून पुढे गेला. परत आला, पुन्हा पुढे गेला.

त्यांनी फोन जवळ घेतला. चष्मा काढला. दोनदा पापण्या मिटल्या.

गोल त्यांच्या खांद्यापलीकडे सरकला आणि भिंतीवर थांबला. पिस्ता रंगाच्या रिकाम्या भिंतीवर. तिथं त्याचा रंग हिरवा झाला.

डोळे मिटून उघडा, अशी सूचना आली.

शालिग्राम हलले नाहीत. त्यांनी डोळे ताणून उघडे धरले. पाणी यायला लागलं तरी पापणी लवू दिली नाही.

फोन हातात थरथरला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. त्यांचं नाव, त्यांची जन्मतारीख, आणि खाली ओळख पटल्याची नोंद.

"हो गया ना?" निधी तिकडूनच म्हणाली. "चलो काका, सालभर की छुट्टी."

शालिग्रामांनी अजून डोळे मिटले नव्हते.