फाटा ते वस्ती, चार टक्के

"मोबाइल चार्ज हाये का रे?" मोटर चालू करायला निघालेल्या ऋषीला भिमाजीतात्यांनी ओट्यावरूनच हटकलं. शेतीची लाइट आजही आमच्या नशिबी रात्रीचीच.

"वीस टक्के हाये की. गाणी लावतो मोठ्यानं. बिबट्या काय, त्याचा बाप येत न्हाई!"

"बस जरा. हौशीरामचं ऐकून जा. माझ्या शेजारच्या वस्तीवरचा माणूस. खोटं न्हाई सांगत."

आम्ही सगळेच बसलो.

गेल्या वर्षीची मार्गशीर्ष अमावस्या. हौशीराम मंचरच्या बाजारात कांदा घालून शेवटच्या एसटीने परतत होता. उसातून अंधारात चालताना सगळे मोबाइलवर गाणी लावतात. आवाजाने बिबट्या लांब राहतो. हौशीराम मात्र बायकोचा आवाज लावायचा. तो बाजाराला गेला की ठकूबाई व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून मेसेज पाठवायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरगा पुण्यात. घरात दुसरा आवाज नव्हता.

एसटीत तो फोन कानाला लावून तिलाच ऐकत बसला. नारायणगाव गेलं तेव्हा लक्षात आलं, चारच टक्के उरलेत. लगेच नेट बंद केलं, उजेड कमी केला, आवाज थांबवला. फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या उसातल्या वाटेसाठी तेवढे चार टक्के राखले.

पिंपळवंडीच्या फाट्यावर उतरून त्याने मेसेज लावले आणि फोन खिशात टाकला.

"कुठवर आला?"
"चहा तरी पिला का?"
"रिकामी पोती इसरू नका."

कालव्याच्या चारीवरल्या मोरीजवळ मागे उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. तो थांबला. पाचटही थांबलं.

किती टक्के उरले, बघावंसं वाटलं. पण स्क्रीन लावली की बॅटरी जाणार. हात खिशापर्यंत गेला... परत आला.

"कुठवर आला?"

"मोरीपाशी," तो सवयीनं बोलून गेला.

खिसा गप्प.

मग हळूच...

"मागं बघू नका."

हा मेसेज त्याने कधी ऐकला नव्हता.

तो चालला. नुसता चालला. वस्ती आली. कडी लावली. फोन काढला.

बंद. गार.

चार्ज करून त्याने पहाटेपर्यंत एकेक मेसेज ऐकला. ते वाक्य कशातच नव्हतं.

तात्या थांबले. ऋषीने विचारलं, "मग बिबट्या?"

"सकाळी मी सोता बघितलं. मोरीजवळ चिखल व्हता. पुढं हौशीरामच्या चपलांचे ठसे. मागं वाटीएवढे पंजे, तिथूनच उसात वळलेले. आन् मधी... अनवाणी पावलं. एकच जोडी. आल्याची खूण न्हाई, गेल्याची न्हाई. टाचा वस्तीकडं, बोटं बिबट्याकडं."

तात्यांनी आवाज खाली आणला.

"बोटांपाशी जोडव्याचा ठसा व्हता. ठकूबाईला आमी जोडव्यांसकटच सरणावर नेली व्हती."