बॉनेटवरची मांजर

"हीच! अरे, हीच ती! आपल्या आबांची गाडी!"

रिक्षा थांबते न थांबते तोच नाथाकाका ओरडत खाली उतरला. विठ्ठलवाडीला, जुन्या गाड्या विकणाऱ्या सहदेवशेठच्या आवारात ती पांढरी पिकअप उभी होती. नंबरसुद्धा तोच!

दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीहून टिटवाळ्याला काकाकडे आलेली निशा आणि तिचा धाकटा भाऊ ऋतुराज मागोमाग धावले. त्यांच्यासोबत काकाचा मुलगा दिपेश. आणि सगळ्यांत शेवटी पूजेची पिशवी छातीशी धरून हळूच उतरली ती शेवंतीआत्या, काकाची मोठी बहीण.

चार वर्षांपूर्वी, आबा होते तेव्हा, हीच गाडी पहाटे मेथी-मुळ्याच्या जुड्या भरून टिटवाळ्याहून कल्याणच्या मार्केटला निघायची. सुट्टीत नातवंडांचाही सोबत जायचा हट्ट असायचा. माल उतरला की आबा तिघांना गरम जिलेबी घ्यायचे आणि गाडीच्या सावलीत बसून चौथी पुडी स्वतः संपवायचे. "घरी सांगू नका हं," म्हणायचे. घरी सगळ्यांना ठाऊक असायचं!

"मला मेथीचा वास येतोय," ऋतुराज डोळे मिटून म्हणाला.

"चार वर्षांनी? तुझ्या नाकाची सर्व्हिसिंग करून घे!" दिपेश म्हणाला. पण त्यानेही गुपचूप एकदा नाक ओढून पाहिलंच.

काकाची अंबरनाथची कंपनी बंद पडली होती. हिशेबाचे मिळालेले साडेतीन लाख घालून गाडी घ्यायची आणि आबांचा भाजीचा धंदा पुन्हा उभा करायचा, असं त्याने ठरवलं होतं. दुसरे पैसे नव्हते. गाडी फसली तर धंदा सुरू होण्याआधीच बसणार!

"काका, महेंद्रमामांना दाखवूया ना आधी," निशा कालपासून मागे लागली होती. आबांची गाडी दुरुस्त करणारे ते कल्याणचे मेकॅनिक.

"अगं, घरच्याच गाडीला मेकॅनिक कशाला? आपल्या माणसाची कोणी चौकशी करतं का?" काकाचं उत्तरही कालपासून तेच होतं.

सहदेवशेठने आठला बोलावलं होतं. काकाच्या उतावीळपणामुळे सगळे साडेसातलाच पोचले. शेठ चहाचा ग्लास तसाच ठेवून लगबगीने आला.

"लवकर आलात! बरं झालं, मला नऊला बाहेर जायचंय. दसऱ्याला पूजा केली, त्यानंतर किल्लीच लावली नाही बघा. तुमच्यासाठीच राखून ठेवलीय!"

काका स्टिअरिंगवरून हात फिरवत होता. त्याचे डोळे भरून आले होते. अशा माणसाला कुणी काय विचारणार?

तेवढ्यात ऋतुराज कुजबुजला, "ताई, ती मांजर बघ."

पिकअपच्या बॉनेटवर एक करडी मांजर पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती.

"मग? झोपू दे की."

"अगं, इथे दहा-बारा गाड्या आहेत. सगळ्यांच्या टपावर दव आहे. हिचं बॉनेट तेवढं कोरडं! आणि मांजर नेमकी हिच्यावरच!"

निशाने मांजरीशेजारी तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. बॉनेट चांगलंच गरम होतं!

"महिनाभर किल्ली लावली नाही म्हणे!" दिपेश पुटपुटला. "थापाड्या! पण आपण यायच्या आधी चालू कशाला केली असेल?"

"म्हणजे थंड असताना काहीतरी लोचा आहे," निशा म्हणाली. "आपल्यासमोर ती थंडच चालू व्हायला हवी. निदान दीड-दोन तास तिला हात लागता कामा नये."

"दोन तास? शेठ नऊला बाहेर जाणार आहे. आणि पप्पा तर आत्ताच पैसे काढतील!"

तिघांच्याही नजरा एकदमच आत्याच्या पिशवीकडे वळल्या.

रोज सकाळी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं केल्याशिवाय आत्या पाण्याचा थेंबही घेत नसे. आवर्तनं चालू असताना ती कोणाशी बोलतही नसे. आज लवकर निघाल्यामुळे नेम राहिला होता. परतताना टिटवाळ्याच्या देवळात बसायचं तिने ठरवलं होतं.

निशाने तिला बाजूला नेलं आणि मांजरीपासून सगळं सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"खोटं बोलायला नाही ना लागणार मला?"

"मुळीच नाही! नेम तर तुला करायचाच आहे. फक्त इथे कर."

आत्याने पिशवीतून आसन काढलं, पिकअपच्या समोर अंथरलं आणि म्हणाली, "नाथा, माझा नेम होईपर्यंत गाडी चालू करायची नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत."

थोरल्या बहिणीचा शब्द काकाने आजवर मोडला नव्हता. तो मुकाट्याने खाली उतरला.

इकडे दिपेशने फोन करून महेंद्रमामांना बोलावलं.

पाच आवर्तनं झाली, दहा झाली. शेठच्या येरझाऱ्या वाढल्या.

"मी जरा चालू करून ठेवतो. इंजिन मोकळं होईल!"

"आत्या मधेच उठली तर पुन्हा पहिल्यापासून करते हं," दिपेश गंभीरपणे म्हणाला. "मागे एकदा कुकरच्या शिट्टीने उठली होती. आम्ही तीन वाजता जेवलो!"

शेठ किल्ली खिशात टाकून गुमान खुर्चीत बसला. नऊ वाजून गेले. बाहेर जाण्याचं नावही त्याने काढलं नाही!

मांजरसुद्धा उठली, आळस देऊन उन्हात जाऊन बसली. बॉनेट गार पडलं होतं.

एकविसावं आवर्तन झालं तेव्हा महेंद्रमामा स्कूटरवरून उतरून उभेच होते. आत्याने हात जोडले आणि म्हणाली, "आता लाव रे किल्ली."

काकाने शेठकडून किल्ली घेतली आणि आत बसून फिरवली. खर्रर्र... खर्रर्र... काही नाही! पाचव्यांदा इंजिन खोकत खोकत जागं झालं आणि मागून निळसर धुराचा असा लोट आला की सगळे ठसकले! मामांनी चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण उघडलं, तर तिथूनही भसाभस धूर. मग ते गाडीखाली शिरले आणि खालच्या सांगाड्यावर, चासीवर, स्क्रूड्रायव्हर ठोकू लागले. नव्या काळ्या रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटून पडले.

"इंजिन काम मागतंय, नाथा. ऐंशी-नव्वद हजार धर. क्लचप्लेट गेलीय, चारही टायर गुळगुळीत. चासीला वेल्डिंग. वर इन्शुरन्स, आणि आता दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट. गाडी घेताना लागतात ते पैसे वेगळे. पोसायला लागतात ते वेगळे!"

"पन्नास हजार कमी करतो!" शेठ घाईने म्हणाला.

काका स्टिअरिंगवरून हात काढेना. त्याचा बारीक आवाज आला, "पण आबांची आहे रे ती."

आत्या त्याच्याजवळ गेली. "नाथा, आबांनी ही विकली तेव्हा तू केवढा रुसला होतास! तेव्हाच तिचं इंजिन धूर टाकायला लागलं होतं. आबा मला म्हणाले, 'शेवंती, ही नाथाच्या गळ्यात नाही बांधायची मला.' मला वाटलं, मधल्या काळात कोणी नीट करून घेतली असेल."

काकाने खाली उतरून बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग किल्ली शेठच्या हातात दिली.

नाताळच्या सुट्टीत निशा आणि ऋतुराज पुन्हा टिटवाळ्याला आले, तेव्हा दारात एक निळी पिकअप उभी होती. तीही जुनीच, पण महेंद्रमामांनी भल्या सकाळी, गार इंजिनवर तपासून घेतलेली. एका किल्लीत चालू झाली!

"चला, मार्केटला! आज पुढे बसायचा मान तुमचा. तुम्ही नसतात तर काका बुडाला होता," काका म्हणाला.

तिघं धडपडत पुढे चढली. पण कोणाचा गुडघा गिअरला लागत होता, कोणाची कोपरं दुसऱ्याच्या बरगडीत! दारही लागेना. आबांच्या शेजारी तिघं कशी मावायची, ते कोणालाच आठवेना.

काका हसू लागला. आत्याही पदर तोंडाला लावून हसली.

"मोठे झालात रे पोरांनो," काका म्हणाला आणि त्याने दार बाहेरून ढकलून लावलं.