टबाच्या काठावरचा पंजा

माझ्या नवऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, रंगच खराब होता. म्हणू दे. त्या रविवारी भर दुपारी बाथरूममध्ये तो नव्हता. मी होते आणि माझ्या सासूबाई होत्या.

जसं घडलं तसंच सांगते. त्यात मी काही चांगली दिसत नाही.

आमच्याकडे बिडाचा जुना बाथटब आहे. सासऱ्यांनी मोडीत निघालेल्या कुठल्याशा हॉटेलातून हौसेनं आणलेला. ते गेले आणि टब तसाच पडून राहिला. आतून पिवळा पडला, तळाला गंज चढला. कारागीर आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी मीच पदर खोचला.

नळ काढून ठेवला. जुना चकचकीत थर पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केला. हात भरून आले. मग थिनरनं पुसलं, प्रायमर मारला आणि वरून पांढराशुभ्र रंग. पुरता वाळेपर्यंत कुणी बोटही लावायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

सगळ्यांना म्हणजे सासूबाईंना.

त्या हल्ली विसरायच्या. गॅस चालू राहायचा. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. आधी मला हसू यायचं, मग राग येऊ लागला. यांना आता कायमचं नणंदेकडे पाठवू या, असं मी नवऱ्याच्या मागे लागले होते. तो विषय निघाला की सासूबाई उठून आत जायच्या. हे घर त्यांना सोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार उघडलं आणि...

टबाच्या काठावर पंजा उमटला होता. पाचही बोटं, ओल्या रंगात रुतलेली.

मी सासूबाईंना फैलावर घेतलं. "मी नाही गं गेले तिकडे," एवढंच त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, जाऊ दे, विसरली असेल. त्यावर त्या स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या. त्यांनाही खात्री वाटेना.

मी पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं. या वेळी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याजवळ ठेवली.

रविवारी नवरा बाहेर गेला होता. जेवणं आटोपली होती. बंद बाथरूममधून आवाज आला...

टप्... टप्...

नळ तर मी काढून ठेवला होता.

कुलूप जागच्या जागी होतं. दार उघडलं. लादी ठणठणीत कोरडी. रंग वाळून कडक झालेला. आणि काठावर, त्याच जागी...

तोच पंजा.

माझं डोकं फिरलं. यांच्याकडे दुसरी किल्ली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांचं मनगट धरून त्यांना ओढत आणलं. त्यांच्या चपला खुर्चीपाशीच राहिल्या.

"ठेवा हात त्याच्यावर. बघू दे कोण खोटं बोलतंय."

त्यांनी विरोध केला नाही. मीच त्यांचा हात त्या ठशावर दाबला.

त्यांची बोटं अर्ध्यावरच संपली. ठसा दुप्पट मोठा होता.

मला दिसलं. तरी मी मनगट सोडलं नाही. सोडलं असतं तर 'चुकले' म्हणावं लागलं असतं.

तेवढ्यात रिकाम्या टबात आवाज झाला. भरल्या पाण्यातून कुणी जड माणूस उठावं तसा. अंगावरून पाणी निथळल्याचा... मग ओल्या टाचेचा, अगदी जवळ...

टबात काहीच नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्याच्या मागे बघत हळूच म्हणाल्या, "अहो, असू द्या. पोर आहे ती."

मी हात सोडला आणि बाहेर पळाले.

स्वयंपाकघरात हात धुवायला गेले तर माझ्या मनगटावर पांढरा रंग होता. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. मी त्यांना धरलं होतं, अगदी तस्सं. आणि टबाचा रंग तर केव्हाच वाळला होता.

थिनरनं जाईना. कातडी लाल झाली. शेवटी सासूबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि तेल लावून हळूहळू तो रंग उतरवला. त्यांच्या मनगटावर माझी बोटं तशीच उमटलेली होती, काळीनिळी.

"उठताना काठ घट्ट धरायची सवय होती त्यांना," त्या म्हणाल्या. मला मान वर करता आली नाही.

नणंदेकडे पाठवायचा विषय मी पुन्हा काढला नाही. नवऱ्याला वाटतं, सुनेला माया फुटली. काठावरचा पंजा अजून आहे. मी तो घासला नाही.

पण आता सासूबाई स्वतःच्याच घरात बाथरूमच्या दाराशी थांबतात आणि मला विचारतात, "जाऊ का गं?"

मी मान डोलावते. तुम्हा सगळ्यांना सांगून मोकळी झाले, त्यांना मात्र 'चुकले' हा एक शब्द मला अजून म्हणता आलेला नाही.

आज सकाळीही त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हटलं, आणि माझं मनगट...

ओलं होतं.