औटकीचा तास

मला तळवलीत सगळे थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. तळोज्याच्या कंपनीत हेल्पर होतो तेव्हापासून ही कीर्ती आहे. डबा खाताना मी एक भूत सोडायचो आणि चार माणसं संडासला जायची बंद व्हायची.

पण हे भूत मी सोडलेलं नाही.

हे गेल्या वर्षीचं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती. भर दुपार, डोक्यावर ऊन. रात्र नाही, अमावस्या नाही, पिंपळ नाही. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण तिथे अजून पोरं जातात.

आणि मीही जातो.

माझी नात मनाली तिथे चौथीत होती. सरकारी शाळा, दुपारचं सत्र. तिच्या वर्गाच्या शुभदा मॅडम चांगल्या. पण गणपतीच्या आधीपासून त्यांना सर्व्हेला जुंपलेलं. दारोदार फिरून माणसं मोजायची. वर्गाला दुसरं कोणी दिलंच नाही. पोरं यायची, खिचडी खायची, दंगा करायची, घरी जायची. चौथीतली पोरगी, पण वडापावच्या गाडीवरची पाटी वाचताना घाम फुटायचा तिला.

माझी सून शर्मिला वैतागायची. "बाबा, मी दिवसभर कंपनीत. हिला शिकवणार कोण?"

मी म्हणायचो, "शिकेल गं."

आणि एक दिवस मनाली शिकून आली.

संध्याकाळी दाराशी मांडी घालून बसली होती. ताठ. नजर समोरच्या भिंतीवर.

"एक औट साडेतीन... दोन औट सात... तीन औट साडेदहा..."

मी चहाचा कप खाली ठेवला.

ही औटकी. साडेतीनचा पाढा. आमच्या लहानपणी गावाकडे मास्तर छडी घेऊन म्हणून घ्यायचे. मला कधी पाठ झाली नाही. आता तर कुठल्या पुस्तकात औटकी नाही, कुठल्या शाळेत नाही.

"कोणी शिकवलं गं?"

"सरांनी."

"कुठले सर? नवीन आले का?"

"माहीत नाही. ते मागे उभे राहतात. आम्ही मान वळवायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. सुमित्राबाई खिचडीचं पातेलं घासत होत्या. इथल्याच, गावठाणातल्या. कोणाला न घाबरणाऱ्या.

"काका, त्या वर्गान जाव नका."

"का? कोण शिकवतंय?"

"कोनी नाय हाय. म्हनून तं सांगतंय."

मी व्हरांड्यातून पुढे गेलो. चौथीच्या खिडकीशी थांबलो.

आवाज नव्हता.

सगळ्या शाळेत कालवा चाललेला आणि या एका वर्गात... काहीच नाही. पोरं ओळीने ताठ बसलेली. खुर्ची रिकामी. फळा कोरा.

पण खडूचा आवाज येत होता.

कर्र... कर्र... टक.

पोरं एका सुरात म्हणाली, "सात औट साडेचोवीस."

मी वर्गाच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. जरा हसूच आलं मला. वाटलं, पोरांनी आजोबाला बनवलं.

तेवढ्यात आवाज आला.

"हं... पुढे."

माझ्या पाठीमागून.

मी खोटं का बोलू, मान वळवली नाही. तसाच खाली बघत घरी आलो.

ही गोष्ट वस्तीत फुटली. पुढच्या शनिवारी पालक जमले. शुभदा मॅडमनाही बोलावलं. गळ्यात ओळखपत्र, उन्हाने चेहरा रापलेला. त्यांना काही माहीत नव्हतं. ऐकून व्हरांड्याच्या कठड्यावर बसल्याच.

"मी वर्गात पाय ठेवून महिने झाले हो," त्या म्हणाल्या. "आपण कुलूप लावू. मुलांना तिसरीत बसवू."

धनाजी रिक्षावाला उठला. त्याचा मुलगा त्याच वर्गात.

"मॅडम, राग मानू नका. तो जो कोण आहे तो रोज येतो ना?"

"अहो, पण..."

"खाडा करत नाही ना? मोबाइल बघत नाही ना? माझं पोरगं काल पेपर वाचत होतं, पेपर! तिसरीत काय, तिथेही मास्तर नाहीच. राहू द्या त्याला. टेन्शन घेऊ नका."

लोक हसले. मी तर जास्तच. म्हणालो, "एक फायदा बघा, याला कोणी सर्व्हेला पाठवू शकत नाही."

मग आणखी हशा. शुभदा मॅडम हसल्या नाहीत.

शर्मिलाही हळूच म्हणाली, "मनाली वाचायला लागलीय, मॅडम. तुम्हाला काय सांगू..."

कुलूप लागलं नाही.

आठवडाभर सगळं छान. पोरं घरी आली की अभ्यासाला बसायची. फक्त एक होतं. हाक मारली तरी मागे वळून बघायची नाहीत. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही. रिक्षा हॉर्न मारत यायच्या, पोरं सरळ समोर.

आणि मग ती संध्याकाळ.

शाळा सुटली. सगळी पोरं बाहेर आली.

मनाली आली नाही.

धनाजीच्या पोराला विचारलं. तो चालता चालताच म्हणाला, "तिला बसवून ठेवलंय. तिला नऊ औट येत नाही."

मी आत धावलो. मनाली दुसऱ्या बाकावर. ताठ. डोळे फळ्यावर, ओठ हलत होते. आवाज नाही.

"मनू, चल बाळा."

ऐकेना. खांद्याला धरलं. हलेना. नऊ-दहा वर्षांची पोर, काखेत मारून नेलीय मी तिला कितीदा. त्या दिवशी वाटलं बाकासकट जमिनीत रोवलीय.

शर्मिला कामावरून पळत आली. तिने ओढलं. रडली. गालावर चापट मारली. पोरीची पापणी लवेना. ओठ कोरडे पडून चिरायला लागले, तरी हलतच होते. पाणी तोंडाला लावलं तर हनुवटीवरून ओघळून गेलं.

कोणीतरी शुभदा मॅडमना फोन केला. त्या सर्व्हेची पिशवी खांद्यावर तशीच घेऊन आल्या. बाकासमोर उभ्या राहिल्या. आवाज कापत होता, पण मॅडमसारखं म्हणाल्या,

"मनाली, सुट्टी झाली. ऊठ."

पोरीचे ओठ थांबले.

"तुम्ही आमच्या मॅडम नाही," ती म्हणाली. "सर सुट्टी देतील तेव्हा."

आणि ओठ पुन्हा सुरू.

शुभदा मॅडम तोंडावर पदर धरून बाहेर गेल्या. त्यांचं ते रडणं मला पोरीच्या ओठांइतकंच सहन झालं नाही.

उजेड उतरत चालला होता. मी आयुष्यभर लोकांना भुतं दाखवली, पण भुताशी बोलायची वेळ कधी आली नव्हती. फळ्याकडे तोंड केलं, हात जोडले.

"गुरुजी, पोर लहान आहे. तिची चूक नाही. तिला कोणी शिकवलंच नव्हतं. हिच्या जागी मी बसतो. मलाही येत नाही."



कुठेतरी नळ ठिबकत होता. तो थांबला.

मग मागून... अगदी मानेजवळ...

"हं."

मनाली एकदम सैल पडली. शर्मिलाच्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, भूक लागली."

त्या दोघी बाहेर गेल्या. मी बसलो. बसलो म्हणजे काय, पाय आपोआप वाकले.

कर्र... कर्र... टक.

फळा कोरा. पण प्रश्न मला कळला होता. नऊ औट किती?

मी काहीतरी ठोकून दिलं. आयुष्यभर तेच केलं.

"चूक," मागून आवाज आला. "उद्या."

आणि पाय मोकळे झाले.

घरी येऊन मोबाइलवर हिशोब केला. साडेएकतीस. दुसऱ्या दिवशी जाऊन ताठ मानेने सांगितलं.



"पाठ केलंस की बघून आलास?"

मी खिशातला मोबाइल चाचपला.

"उद्या."

मनालीला आम्ही तिथून काढलं. सानपाड्याच्या खासगी शाळेत घातलं, फीसाठी शर्मिला रविवारीही कामाला जाते. मला वाटलं, पोर तरी सुटली; मी रोज जातच होतो. मध्ये मला ताप आला, एक दिवस गेलो नाही. दुपारी नव्या शाळेतून शर्मिलाला फोन आला. तुमची मुलगी बाकावरून उठत नाहीये. नुसते ओठ हलतायत.

मी तापातच रिक्षा केली. जुन्या शाळेत जाऊन त्याच बाकावर बसलो. शर्मिला फोनवर म्हणाली, "उठली, बाबा. आत्ता उठली."

तेव्हापासून खाडा नाही. रोज पाठ करतो. घरी घडाघडा येतं. तिथे बसलो की जीभ जड होते. बाकीची पोरं येतातच. धनाजीला मी सगळं सांगितलं, तर म्हणाला, "काका, पाठ झालं की सोडतो ना? मग पोरांनी पाठ करावं." पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू? तुमच्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार?"

माझं वय झालंय. गुडघे बोलतात. छातीत कधी कधी धडधड होते. मला दुसरी कसलीच भीती नाही. एक दिवस मी कायमचाच गेलो नाही तर त्या दुपारी मनाली कुठे बसलेली असेल, एवढाच विचार येतो. रात्री कूस बदलत हेच चालतं.

गेल्या महिन्यात सर्व्हे संपला. शुभदा मॅडम शाळेवर परत आल्या.

परवा मी बसलो होतो. पोरं पाढा म्हणत होती. दार वाजलं. चपला वाजल्या. मला वाटलं, मॅडम खुर्चीवर बसतील.

पावलं खुर्चीशी थांबली...

मग माझ्याकडे आली.

शेजारी बाक करकरला. मान वळवायची सोय नाही. समोर बघूनच ऐकत होतो. हलकासा आवाज आला, ओठ न हलवता बोलल्यासारखा.

"आजोबा, मलाही औटकी येत नाही. तुम्ही नाही आलात तरी तुमच्या जागी मी बसेन. मनालीची काळजी करू नका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं...

मागून आवाज आला.

"वर्गात बोलायचं नाही."