मंडळी पुरी झाल्याशिवाय

जुनं सामान घेणाऱ्याने घाई करू नये. खुर्ची असो की भट्टी, तिच्याजवळ आधी थोडा वेळ निवांत बसावं, मग ती आपली दुखणी आपणहून सांगते. म्हणून काटेवाले शेठ त्या दिवशी आपल्या माणसांच्या तासभर आधीच ‘लाल छपरा’त येऊन बसले होते.

बाजारात त्यांना काटेवाले म्हणत, कारण त्यांनी धंद्याची सुरुवात एका बुडालेल्या हॉटेलातले काटेचमचे पोत्यात भरून आणून केली होती. पुढे अख्खी हॉटेलंच उचलू लागले. हॉटेल मेलं की शेवटचं दर्शन घेणारा माणूस म्हणजे काटेवाले.

‘लाल छप्पर’ हे काही एकट्यादुकट्याचं हॉटेल नव्हतं. एकेकाळी त्याच्या चाळीस शाखा होत्या आणि चाळीसही जुळ्या बहिणींसारख्या. तेच लाल छप्पर, त्याच तपकिरी काचा, कोपऱ्यातली तीच गुबगुबीत बाकं, प्लास्टिकमध्ये मढवलेलं तेच चित्रांचं मेन्यूकार्ड. डोळे बांधून कुठल्याही शाखेत सोडलं तरी माणूस न विचारता संडासापर्यंत पोहोचला असता. मग लोकांना नवं काहीतरी हवंसं झालं आणि एकेक करत शाखा मिटत गेल्या. ही शेवटची.

बंद होणार अशी पाटी लागल्यावर मात्र इथे आठ दिवस जत्रा लोटली होती. लोक पोरांना घेऊन आले, दाराशी उभं राहून फोटो काढले, डोळे पुसले. आमचा पहिला पगार इथे साजरा झाला, आमचं लग्न इथेच ठरलं, असं सांगू लागले. काटेवाले हे दर ठिकाणी बघायचे आणि गड्यांना हसून म्हणायचे, मयताला गर्दी करणारे आजारपणात कुठे होते, ते विचारू नये. गेली पाच वर्षं ह्यातला एकही इथे फिरकला नव्हता.

ह्या वेळी मात्र ते हसले नाहीत. त्यांचं स्वतःचं आजारपणातलं येणं राहिलं होतं.

त्यांच्या बायकोला हे हॉटेल फार आवडायचं. लेक लहान होती तेव्हा दर रविवारी एक वाजता तिघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. इथे कोणी उठा म्हणत नाही, एवढंच त्या बाईचं कौतुक. मेन्यूकार्ड ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. चिकट पानं उलटताना चर्र आवाज व्हायचा. सगळं वाचून झाल्यावर ती सूप आणि टोस्ट मागवायची. वीस वर्षांत त्यात बदल नाही.

पुढे शेठना बरे दिवस आले आणि बऱ्या दिवसांबरोबर लाजही आली. गिऱ्हाइकांना घेऊन ते अशा ठिकाणी जाऊ लागले, जिथे ताट परातीएवढं आणि घास चिमणीएवढा. बायकोने ‘लाल छपरा’चं नाव काढलं की म्हणायचे, चित्रं बघून जेवायचं वय राहिलंय का आपलं? ती विषय बदलायची.

तिच्या शेवटच्या वाढदिवसाला मात्र तिने हट्ट धरला. शेठ म्हणाले, तू पुढे हो, मी एक वाजता पोहोचतोच. नेमकं त्याच वेळी मोठ्या भट्टीचं गिऱ्हाईक आलं. सौदा रंगात असताना फोन वाजला तर सौदा मोडतो, हा त्यांचा जुना नियम. त्यांनी फोन बंद केला. घरी पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. बायको लेकीशी फोनवर बोलत होती.

“हो गं, आले होते की,” ती सांगत होती. “सूप मागवलं आणि नेहमीसारखी जीभ भाजून घेतली.”

हे बोलताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. फोन ठेवून तिने त्यांच्यापुढे एक पुडकं सरकवलं आणि विचारलं, “गार झालंय. गरम करून देऊ?”

आणि शेठ ते जेवले. त्यानंतर अकरा आठवड्यांनी ती गेली.

लेक दर वेळी म्हणायची, बाबा, निदान त्या दिवशी तुम्ही तिच्याबरोबर होतात, ह्याचंच मला समाधान आहे. शेठ मान हलवायचे. ते स्वतःहून खोटं बोलले असं नाही. त्यांनी खोट्याला नुसतं घरात राहू दिलं होतं. पण पोटभाडेकरूचं एक असतं, तीन वर्षं राहिला की तो मालकासारखा वागू लागतो.

आता लेकीला टेबल हवं होतं. तुम्ही दोघं शेवटचे जिथे बसलात तेच, तीन वाजता गाडी घेऊन येते, असं तिने सकाळी कळवलं होतं. शेठनी मनाशी म्हटलं, सगळी टेबलं सारखीच. कोपऱ्यातलं देऊन टाकू आणि सुटू.

एक वाजेपर्यंत माणसांनी स्वयंपाकघर रिकामं केलं आणि पहिली खेप घेऊन ट्रक गेला. तेवढ्यात उरलेल्या किल्ल्या द्यायला ताई आली. सव्वीस वर्षं दाराशी उभं राहून आल्यागेल्याला जागा देणारी ही बाई. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, सगळे ताईच म्हणत. तिने एकेक किल्ली समजावून दिली आणि शेवटी दाराजवळची चकत्यांची घडवंची दाखवली.

ह्या चकत्यांची इथे एक रीत होती. गर्दी असो नसो, दाराशी नाव सांगायचं, माणसं किती ते सांगायचं, मग ताई बशीएवढी एक चकती हातात द्यायची. ती घेऊन दाराजवळच्या बाकावर बसायचं. टेबल मोकळं झालं की चकती थरथरायची आणि लाल दिवा लागायचा. मात्र मंडळी पुरी झाल्याशिवाय आत बसवायचं नाही, हा नियम. अर्धी आलेली माणसं टेबल अडवून बसतात म्हणून केलेला. चाळीस शाखांत तो कोणी मोडला नव्हता.

घडवंचीत चोवीस खाचा होत्या आणि तेवीस चकत्या. शेठनी सहज विचारलं, अकरा नंबर कुठे गेली?

ताई किल्ल्यांची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

“तुमच्या मंडळींकडे होती,” ती म्हणाली. “वाढदिवस होता ना... दोन माणसं म्हणून सांगितलं त्यांनी. त्या बाकावर बसून होत्या. एकपासून साडेतीनपर्यंत.”

“आत... आत बसली नाही?”

“मी म्हटलं, बाई, नियम गेला चुलीत, तुम्ही आत बसा. तर म्हणाल्या, नको, ते आले की एकदमच बसू.”

निघताना त्यांनी दोन सूप आणि दोन टोस्ट बांधून घेतले, असंही तिने सांगितलं. चकती परत द्यायची राहिली. मागायचा धीर ताईला झाला नाही.

घरात तर चकती नव्हती. बायको गेल्यावर शेठनी तिचं कपाट स्वतःच्या हाताने आवरलं होतं. लेक येतेय, तिच्यापुढे हे काढू नका, असं त्यांनी ताईला चाचरत सांगितलं. मी कोण काढणारी, असं म्हणून ताईने चप्पल घातली. दारातून मागे वळली तेव्हा ती शेठकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती.

दार लागलं. तपकिरी काचांमुळे भर दुपारीही आत संध्याकाळ वाटत होती. वीज आठ दिवसांपूर्वीच तोडलेली. जळक्या तेलाचा आणि ओल्या गालिच्याचा वास जमिनीपासून गुडघ्यापर्यंत साचून राहिला होता. शेठनी खिशातून खडू काढला. प्रत्येक बाकावर एकदा बसायचं, स्प्रिंगा बघायच्या, चांगलं असेल तर पाठीवर एक रेघ, नसेल तर फुली, ही त्यांची पद्धत. सात बाकं झाली. आठव्यावर बसले आणि आवाज आला.

गुर्र... गुर्र... गुर्र. मग शांतता.

फोन असेल म्हणून त्यांनी खिसा चाचपला. फोन गप्प होता. आवाज पुन्हा आला, दाराच्या बाजूने, लाकडावर काहीतरी थरथरावं तसा. घडवंचीतल्या तेवीस चकत्या मेल्यासारख्या पडल्या होत्या. शेठ हळूहळू बाकापाशी गेले. बाक रिकामं होतं. त्यांनी हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, काही नव्हतं. मात्र समोरच्या तपकिरी काचेत तेच बाक दिसत होतं, आणि काचेतल्या बाकावर, बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर, एक लाल दिवा उघडझाप करत होता.

टेबल मोकळं झालं होतं. मंडळी पुरी झाली होती.

दार दोन पावलांवर होतं. पण शेठनी आयुष्यात एकदा पळून पाहिलं होतं आणि त्याची चव त्यांना ठाऊक होती. ते वळले आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन नेहमीच्या बाजूला बसले. गुरगुर थांबली. क्षणभराने समोरचं बाक करकरलं, हलकं माणूस सरकत आत जावं तसं.

“उशीर झाला...” शेठ पुटपुटले.

 अंधारात समोरून आवाज आला, चर्र. थोड्या वेळाने पुन्हा चर्र. मेन्यूकार्डं सगळी सकाळीच रद्दीत गेली होती. तरी पानं उलटत होती, सावकाश, पहिल्यापासून. शेठनी मान वर केली नाही. टेबलाच्या कडेला घट्ट धरलेल्या आपल्या बोटांवरचा खडू तेवढा ते बघत राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही.

मग दार उघडलं आणि उजेडाची पट्टी आत आली. लेक होती. बापाला त्या टेबलावर एकटं बसलेलं पाहून ती दारातच थांबली. 

“इथेच बसला होतात ना दोघं, त्या दिवशी?”

पानांचा आवाज थांबला. शेठच्या तोंडात ‘हो’ तयार होतं. तीन वर्षांच्या सवयीचं, गुळगुळीत. ते ओठांवर यायच्या आत समोरच्या काळोखातून, अगदी हळू, पूर्वीसारख्याच समजूतदार आवाजात कोणीतरी म्हणालं,

“हो गं... आले होते की.”

“काय म्हणालात, बाबा?” लेकीने विचारलं.

तेव्हा तो म्हातारा व्यापारी रडू लागला. मेल्यावरही ती त्यांना पाठीशी घालत होती. रडता रडता त्यांनी सगळं सांगितलं. मी आलो नव्हतो, फोन बंद ठेवला होता, तुझ्या उजव्या हाताला बाक आहे ना, त्यावर ती अडीच तास बसली होती. आणि तिने बांधून आणलेलं मी जेवलो.

लेक बराच वेळ बाकाकडे बघत राहिली. तिने हात लावला नाही.

“तिने मला सांगितलं, तुम्ही जीभ भाजलीत,” ती म्हणाली. “ताईंशी थट्टा केलीत म्हणाली. इतकं खोटं तिला कधी बोलता येत होतं, बाबा?”

टेबल मला नको, एवढं म्हणून ती गेली.

शेठनी सगळा माल विकला, पण ते टेबल त्याच्या बाकांसकट आणि दाराजवळचं बाक त्यांच्याने विकवलं नाही. टेबल गोदामाच्या शेवटच्या टोकाला लावलं आणि बाक दाराशी. लेकीला त्यांनी फोन केला, दुसरा केला, दहावा केला. रविवारी एक वाजता मी गोदामात असतो, तुला वाटेल तेव्हा ये, मी थांबेन. ती म्हणायची, बघू. शेठ दर रविवारी बाराला येऊन बाकावर बसायचे आणि साडेतीनला उठायचे. घाई नव्हती. थांबणं काय असतं ते एकदा पुरतं कळावं, असं त्यांना वाटत असावं.

सहाव्या रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. निघालेय, म्हणाली. आवाज मऊ होता. शेठनी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला.

एकच्या आधी एक गिऱ्हाईक आलं. नवीन कॉफीचं दुकान टाकणारा हसरा माणूस, हातात मापाची फीत. जुन्या धाटणीचंच सामान हवंय म्हणाला, लोकांना आता पुन्हा त्याची ओढ लागलीय. हिंडत हिंडत तो टोकापर्यंत गेला आणि परत आला.

“शेठ, ते कोपऱ्यातलं टेबल माझं बरं का. नंतर माप घेतो.”

ते विकायचं नाही, असं शेठ म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, “नंतर का?”

“त्या बाई बसल्यात ना तिथे. मी म्हटलं, जरा उठता का, दोन मिनिटांचं काम आहे.” तो माणूस फीत गुंडाळत हसला. “तर म्हणाल्या, नाही हो, आमच्या तिघांतलं अजून एक जण यायचंय.”

शेठ बाकावरून उठले. फाटकातून लेकीची गाडी आत वळत होती.